कुणी मागं न्हाई

आक्का कुणाच्या घरात शिरली की "कसं काय" म्हणून विचारायची नाही. सरळ मनगट धरायची. तुम्ही भाकर थापत असा, भांडत असा, नाहीतर लेकराला न्हाऊ घालत असा, तिची तीन बोटं नाडीवर आणि डोळे वर पत्र्याकडं. "बोल, बोल, तू बोलत ऱ्हा. मी मोजायले." पुरतं एक मिनिट झालं की आकडा सांगायची आणि मगच पाटावर टेकायची. आमच्या वस्तीत लोकांना आपली जन्मतारीख माहीत नव्हती, पण नाडीचा आकडा पाठ होता. माझा अठ्ठ्याहत्तर. अजून सांगते कुणी विचारलं तर. कुणी विचारत नाही, ती गोष्ट वेगळी.

ती माझी सख्खी नणंद नव्हे. पण ती वस्तीची लेक आणि मी वस्तीची सून, म्हणून मी तिला आक्का म्हणायची आणि ती मला वैनी. बाकी समदा गाव तिला सिस्टर म्हणायचा. तिचा बापसुद्धा. बाजेवरून हाका मारायचा, "ओ सिस्टर, जरा पाणी आना!" आणि ती आतून म्हणायची, "आले, पेशंट!"

परभणीच्या दवाखान्यात ती आधी झाडू मारायला लागली होती. मग शिकली, नर्स झाली, आणि एक दिवस अरबांच्या मुलखातल्या एका दवाखान्यात जाऊन लागली. लग्न झालं होतं. दोन वर्षांत नवऱ्यानं सोडलं. कुणी बाई हळहळली की ती म्हणायची, "त्यानं टाकलं न्हाई गं, मीच मला उचलून घेतलं." आणि हसायची. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. हसली की ते आधी दिसायचे.

तिकडून ती पत्र लिहायची ती पेशंटच्या तापाचा आलेख काढायच्या कागदावर. उभ्याआडव्या निळ्या रेघा, वर ताप कुठपर्यंत चढला ते लिहायची जागा, आणि त्यातून तिचं अक्षर. कागद वाया घालवायचा नाही म्हणे. गुरुजी ती पत्रं वाचून दाखवायचे. गुरुजी म्हणजे आमच्या वस्तीतले, शाळेतून निवृत्त झालेले. विहाराची किल्ली त्यांच्याकडं आणि सगळ्या गोष्टींत शेवटचा शब्दही त्यांचाच. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. नंतर माझं मीच शिकले, पण त्याला थोडा वेळ होता.

मी सांगते ते वर्ष नामांतराचंच. म्हणजे विद्यापीठाचं नाव बदला म्हणून आमचे लोक मागत होते, मोर्चे निघत होते, आणि नाव काही बदलत नव्हतं. त्याच्या आधी काही वर्षं, मी नवी नवरी असताना, जिल्ह्याजिल्ह्यांत वस्त्या पेटल्या होत्या. आमची जळाली नाही. एक कडब्याची गंजी तेवढी गेली. पण दोन दिवस मी उभ्या ज्वारीत बसून काढले होते, हातात सासूनं दिलेला तवा. तवा कशाला दिला, तिलाही ठाऊक नव्हतं. हातात आला तो दिला.

तर त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला आबा पडला, आक्काचा बाप. खुब्याचं हाड मोडलं. आक्का महिन्याची सुट्टी घेऊन आली. पिशवीत खजूर, बापाला लोकरीची कानटोपी, आणि तिचे स्वतःचे पांढरे कॅनव्हासचे बूट. बुटांची पिशवी ती उशाशी घेऊन झोपली.

"त्यात काय हाय गं आक्का?" मी विचारलं.

"बारावी शर्यत हाय त्यात," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तिकडच्या दवाखान्यात एक गोऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नर्सांना डिवचलं होतं: वर्षभर, दर महिन्याला एक शर्यत पळायची. पहिली लहान, पुढची तिच्याहून लांब, असं करत बारावी वीस किलोमीटरची, दवाखान्यापासून समुद्रापर्यंत. एक जरी चुकली तर मागच्या सगळ्या पुसल्या. बेचाळीस जणींनी नावं दिली होती, आता नऊ उरल्या होत्या. त्यात आक्का. अकरा झाल्या होत्या. परत गेल्यावर चौथ्या दिवशी बारावी.

"महिनाभर इथं बसले तर पाय लाकडं होतील," ती म्हणाली. "मला रोज पळावं लागंल वैनी. आन् जायच्या आदी एकदा पुरे वीस."

मला हसू आलं. चाळिशीची बाई! "जिंकलीस तर काय देतेत?"

"काय न्हाई देत."

"मग?"

"मग काय? अकरा झाल्यात."

दुसऱ्या दिवशी पहाटे, फटफटायच्या वेळेला, ती निघाली. अंगात सलवार, वर आबाचा जुना सदरा. डोक्यावर काही नाही. वस्तीच्या मधल्या गल्लीतून ती धाड धाड पळत गेली.

मी चुलीपुढं होते. पावलांचा आवाज ऐकला, दारातून पाहिलं तर आक्का पळायलेली. मी लेक उचलली आणि ज्वारीत शिरले. विचार केला नाही. विचार करायला वेळच नसतो त्यात. माझ्या मागं शेजारीण, तिच्या मागं तिची सासू, बाप्ये काठ्या घेऊन. थंडीचं दव, ज्वारीची पाती गालाला लागायलेली, आणि सगळे चूप. लेकरंसुद्धा. आमच्या लेकरांना ज्वारीत रडायचं नसतं हे कुणी शिकवावं लागत नाही. गुरुजी माझ्यापासून चार ओळींवर उभे होते, विहारातली बुद्धाची मूर्ती पंच्यात गुंडाळून पोटाशी धरलेली.

तासाभरानं आक्का घामानं निथळत परत आली तर वस्ती रिकामी. चुली पेटलेल्या, तव्यावर भाकरी करपून कोळसा. फक्त आबा तेवढा बाजेवर.

"समदे कुठं गेले?" तिनं विचारलं.

"ज्वारीत," आबा म्हणाला. "तू पळालीस म्हणून पळाले. मला कुणी उचललं न्हाई."

ती ज्वारीच्या कडेला येऊन उभी राहिली. एकेक जण बाहेर येताना बघत होती. त्या दिवशी तिनं कुणाचं मनगट धरलं नाही.

दुपारी विहारापुढं सगळे जमले. गुरुजी शांतपणे बोलले. ते रागावले की जास्तच शांत बोलायचे. "सिस्टर, तुमचं शिक्षण मोठं, तुमचं जग मोठं. पण इथं आपलं माणूस पळालं की त्याचा एकच अर्थ होतो. दिवस बरे नाहीत. तुम्ही परत जाल, आम्हाला इथंच राहायचं आहे. पळणं बंद करा."

आबा बाजेवरनं ओरडला, "माझ्या काठीचे घुंगरू बांधा तिच्या कमरंला! कळंल तरी सिस्टर हाय म्हणून!"

आबा तरुणपणी गावचा येसकर होता. घुंगराची काठी घेऊन दुसऱ्याच्या मयताचा सांगावा गावोगाव पळत न्यायचा. ऊन असो, चिखल असो. धर्म बदलला तशी ती काठी त्यानं मोडली, पण घुंगरू कुठंतरी ठेवले होते.

"घुंगरू नकोत आबा," आक्का म्हणाली. "ते गावासाठी होते." मग गुरुजींकडं वळली. "गुरुजी, आमचा आजा पळला, बाप पळला, दुसऱ्याच्या कामासाठी. तुमी समदे पळता, कुणी मागं लागलं म्हणून. आपल्यात कुणी सोताच्या मनानं पळलंय का आजपतूर? एक नाव सांगा, मी बूट चुलीत घालते."

गुरुजींनी नाव सांगितलं नाही. "होय" सुद्धा म्हणाले नाहीत. पण उठून गेले, आणि गुरुजी उठून गेले म्हणजे अर्धी परवानगी, हे आम्हाला माहीत होतं.

दुसऱ्या पहाटेपासून ती निघायच्या आधी प्रत्येक दारापुढं थांबून ओरडायची, "पळायला चालले हो! कुणी मागं न्हाई!" दार वाजवायची, पुढं जायची. "कुणी मागं न्हाई! निजा!" पहिले दोन दिवस मी तरी लेक उचलून दारात उभी राहायची. तिसऱ्या दिवशी नुसती उठून बसले. आठवड्यानं कूस बदलून झोपले. माझ्या आयुष्यात इतकी गोड झोप दुसरी नाही.

वेळ मोजायचं काम तिनं मला दिलं. तिच्याकडं गजराचं घड्याळ होतं, डोक्यावर दोन घंट्या असलेलं. मला ते बघता येत नव्हतं. "लहान काटा तास, मोठा मिनिटं," ती म्हणाली आणि चुलीतल्या कोळशानं भिंतीवर गोल काढून दिला. तो गोल मी दोन वर्षं सारवला नाही. अक्षरांच्या आधी मी मिनिटं शिकले.

रस्ता एकच होता, ताडकळसकडं जाणारा डांबरी. शेतातून पळावं तर काळ्या मातीच्या भेगांत पाय मुरगळतो. आणि त्या रस्त्याला लागायचं तर वेशीतून, पारावरून जावं लागायचं. पारावर सकाळी गावकरी बसलेले. मधे पाटील. पाटील म्हणजे मोठे शेतकरी, साठीचे, आवाज जड.

"काय सिस्टर, कोन लागलंय मागं?" एक जण खोकून विचारायचा.

"मागं लागणारे दमले दादा, म्हणून मी एकटीच चाललेय!"

बाकीचे हसायचे. कोण कुणाला हसलं ते सांगता यायचं नाही.

घोळ झाला तो पाण्यावरून. ताडकळसच्या अलीकडं, आमच्यापासून दहा किलोमीटरवर, रस्त्याला लागून एक वाडी. तिथं पहिल्याच घरात एक म्हातारी, पाटलांची थोरली बहीण. आक्का एके दिवशी रस्ता बघायला, मधे मधे चालत, तिथवर गेली. तहान लागली म्हणून ओट्यापुढं थांबली, धापा टाकत म्हणाली, "आजी, पाणी द्या."

म्हातारीनं तिचा चेहरा पाहिला, अगदी आबाचा चेहरा, आणि लागली की हो छाती बडवायला. "कोन गेलं गं? माजा भाऊ गेला का?"

"कुणी गेलं न्हाई आजी. पाणी पायजे."

"तुजा बाप बी आदी पाणीच मागायचा! पाणी पिऊनच सांगायचा! माजी माय गेली तवा बी आदी पाणी मागितलं त्यानं!"

आता काय करावं? खरंच, आबाची ती रीत होती. पळत आलेला माणूस धापा टाकत कसा सांगणार कुणाच्या मरणाचं? म्हणून तो आधी पाणी मागायचा, ओंजळीत वरून घ्यायचा, आणि मग सांगायचा. चाळीस वर्षांनी त्याच्या लेकीनं पाणी मागितलं, तर म्हातारीच्या हिशेबी भाऊ गेलाच. आक्का तिचं मनगट धरून "आजी, आजी" करत राहिली, तोवर वाडी जमली. आक्का परत पळत निघाली, तर अर्ध्या वाटेत तिच्या बाजूनं ट्रॅक्टर गेला, ट्रॉलीत बाया, गळा काढलेला. आक्कानं हात केले, ओरडली. सांगावा आणणारीच पुढं थांबा म्हणते, कोण ऐकतंय?

ट्रॅक्टर पारापुढं येऊन थांबला तेव्हा पाटील बशीतून चहा पीत होते.

आधी हसू झालं. मग हसू संपलं. गावात जिवंत माणसाच्या मयताला पाहुणे आले, हा अपशकुन. आणि तो आणला कुणी? आमच्या वस्तीनं. संध्याकाळी पारावर बोलावणं आलं. गुरुजी गेले, आक्का गेली, आणि मी घड्याळ घेऊन गेले, कशाला ते देव जाणे. तव्यासारखंच, हातात होतं ते.

"सिस्टर," पाटील म्हणाले, "उद्यापासून रस्त्यानं पळायचं न्हाई."

"का पाटील?"

"का म्हणजे? जित्या माणसाला रडायला लोक आले!"

"मग बरंच झालं की. कोण रडलं आन् कोण न्हाई, ते जितेपणी कळलं तुमाला."

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. गुरुजींनी डोळे मिटले.

"जास्त बोलू नगा. चालत जा कुठं जायचं तर."

"चाललेलं चालतंय?"

"चालतंय."

"भरभर चालले तर?"

"...चालतंय."

"त्याच्याहून भरभर?"

आक्का पुढं झाली. "कितीपसून पुढं पळणं म्हणायचं ते एकदा ठरवून सांगा," म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिनं पाटलांचं मनगट धरलं.

आमच्या वस्तीतल्या बाईनं भर पारावर पाटलांचा हात धरलेला, आणि नजर वर पिंपळाकडं. दोन पोरं उठली, पण पाटलांनी डोळ्यानं बसवलं. हात मात्र काढून घेतला नाही. का नाही, याच्या विचारात मी इतकी वर्षं काढलीत. "वैनी, टाईम," आक्का म्हणाली. मी घड्याळ धरलं. घंटी आपोआप टिणटिणली, ती मी तळव्यानं दाबून धरली.

पुरतं एक मिनिट.

"शहाण्णव," ती म्हणाली. "बसल्या माणसाला शहाण्णव? पाटील, पळायला तर तुमी पायजे."

आणि आम्ही घरी आलो. रस्त्यात गुरुजी एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी गाड्या आडव्या लावतील."

जायच्या आदल्या दिवशी ताडकळसचा बाजार होता, आणि तोच आक्कानं पुऱ्या वीसचा दिवस धरला होता. दहा वाडीपर्यंत, दहा परत. ठरलं असं की मी पहिल्या एसटीनं घड्याळ घेऊन वाडीत जाऊन बसायचं. ती सातला निघणार, सत्तर मिनिटांत वाडीत. "आठ धा," ती म्हणाली. "त्याच्या फुडं गेलं तर तिथल्या शर्यतीत माझा नंबर कट. तिथं वेळ गाठावी लागती."

एसटीच्या खिडकीतून मी पाहिलं, वेशीत खरंच दोन बैलगाड्या लावायला आणल्या होत्या.

म्हातारीच्या घरासमोर बाभळीखाली मी बसले, मांडीवर घड्याळ. म्हातारी ओट्यावर. तिनं मला ओळखलं असावं, पण ती डाळ निवडत राहिली. आठ वाजले. आठ पाच. आठ दहा झाले आणि रस्ता रिकामा. बाजाराला जाणारी एक सायकल गेली, पाठीवर कोंबड्या उलट्या टांगलेल्या. आठ पंधरा. माझ्या डोळ्यांपुढं आमची गल्ली यायला लागली, ज्वारी यायला लागली. वाटलं, धरली तिला. मारली. वस्तीवर आले. माझी लेक सासूजवळ होती. आठ वीस. मी उठून उभी राहिले. पळावं वाटत होतं, पण कुठल्या बाजूला ते कळेना.

आठ पंचवीसला वळणावर आबाचा सदरा दिसला.

ती आली. गुडघा फुटलेला, सलवार फाटलेली, आणि हसायलेली. दोन दात आधी.

"पंधरा मिनिटं उशीर," मी रडत ओरडले. "गेला की गं तुजा नंबर!"

"गाड्यांनी न्हाई झाला उशीर," ती धापा टाकत म्हणाली. "गाड्या चढून उतरले. पाटील गाडीतच बसलेले. मनगट फुडं केलं त्यांनी. म्हणलं, आता टाईम न्हाई, येताना बघते."

"मग?"

"वस्ती आली की संगं! मी दारादारात ओरडले तर समदे बाहीर. पार वेशीच्या फुडं वढ्यापतूर पळाले माझ्यासंगं. तुझी सासू, तुझी लेक. गुरुजी धोतर धरून! त्या म्हाताऱ्यांना घेऊन किती हळू पळावं लागलं सांगू? आन् कुणी मागं न्हवतं, वैनी. एकबी माणूस मागं न्हवता."

तेवढ्यात म्हातारी ओट्याच्या कडेला आली होती, हातात पाण्याचा लोटा. सवयीनं तिनं तो उंच धरला, वरून ओतायला.

आक्कानं ओंजळ केली नाही. "वरून नको आजी," म्हणाली. "लोटा द्या."

म्हातारी तशीच उभी राहिली. लोटा वर, पाणी थोडं सांडलं. आक्का वाट बघत उभी राहिली, तिचा उशीर वाढत असताना. मी घड्याळाकडं पाहिलं नाही. शेवटी म्हातारीनं हात खाली आणला. दिला म्हणा, की आक्कानं घेतला म्हणा, लोटा आक्काच्या हातात होता. तिनं तोंड लावून सगळा प्यायला आणि ओट्यावर ठेवला.

"आता सांग," म्हातारी म्हणाली. "कोन गेलं?"

"कुणी न्हाई आजी. समदे हायत."

आणि वळून परत पळाली.

येताना तिनं पाटलांची नाडी पाहिली म्हणे. नव्वद. गाड्या तोवर काढल्या होत्या की नाही, यावर गावात अजून वाद आहे.

पुढच्या महिन्यात पत्र आलं, त्याच निळ्या रेघांच्या कागदावर. गुरुजी वाचायला हात पुढं करत होते, पण मी दिलं नाही. ऐकून पाठ झालेल्या जुन्या पत्रांवर बोट फिरवत तोपर्यंत जेवढी अक्षरं जमली होती त्यावर मी ते वाचलं. तीन दिवस लागले. लिहिलं होतं:

"वैनी, बारावी झाली. नऊ जणींत आठवी आले, पण वेळेत आले. इथं गर्दी न्हवती म्हणून. समुद्रापाशी एका बाईनं गिलास हातात दिला. मी आदी पाणी पिले. मंग सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, समदे हायत. कुणाला काही कळलं न्हाई. पर मी सांगितलं."